शून्यांचा हिशेब

मला फक्त एक आकडा हवा होता: ६.५५७ गिगाहर्ट्झ. मायक्रोवेव्ह प्रयोगशाळेत हमखास सापडणारा डब्ल्यूआर-९० हा आयताकृती पोकळ वेव्हगाइड, म्हणजे मायक्रोवेव्ह लहरी वाहून नेणारा धातूचा नळा; त्याच्या टीई-१० मोडचा, म्हणजे लहरीच्या सर्वात साध्या रचनेचा, हा कटऑफ. आतली रुंदी २२.८६ मिलिमीटर, म्हणजे ०.९ इंच (नावातले ९० ते हेच), उंची १०.१६. प्रकाशाच्या वेगाला रुंदीच्या दुपटीने भागलं की उत्तर हातात. या वारंवारतेच्या खाली लहर नळ्याच्या तोंडाशीच विझते, वर गेली की धावते. नळा वापरतात मात्र ८.२ ते १२.४ गिगाहर्ट्झमध्येच, कारण १३.११ ला पुढचा मोड जागा होतो आणि मग एकाच नळ्यात दोन वेगवेगळ्या चालींच्या लहरींची गर्दी होते.

हे सगळं पाठ होतं. अडचण एवढीच की आकडा सूत्रातून नको होता, मी स्वतः लिहिलेल्या फायनाइट एलिमेंट (आकाराचे छोटे तुकडे पाडून उत्तर काढणाऱ्या) कोडमधून यायला हवा होता. प्रबंधाचा विषय होता रिज वेव्हगाइड: तोच आयत, पण वरच्या भिंतीतून आत उतरलेला एक धातूचा उंचवटा आणि त्याच्याखाली डायलेक्ट्रिकची, म्हणजे वीज न वाहणाऱ्या पदार्थाची, पट्टी. असल्या आकाराला सूत्र नाही. विकतचं सॉफ्टवेअर विभागात होतं, पण सर म्हणाले, "त्यातून रंगीत चित्र येईल. ते बरोबर आहे की नाही, हे तू कशावरून सांगणार? आधी साध्या आयताचं उत्तर स्वतः आण, मग पुढचं बोलू."

पहिला टप्पा एका आठवड्यात झाला, त्यामुळे मला उगाचच अक्कल आल्यासारखं वाटलं. टीई मोडसाठी नळ्याच्या लांबीच्या दिशेचं चुंबकीय क्षेत्र पुरतं. म्हणजे प्रत्येक बिंदूला एकच संख्या, बाण नाही. आयताचे त्रिकोण पाडायचे, प्रत्येक त्रिकोणात क्षेत्र सरळ उताराचं मानायचं, तीन टोकांच्या तीन किमती अज्ञात धरायच्या. प्रत्येक त्रिकोणाच्या दोन छोट्या तीन-बाय-तीन मॅट्रिक्स होतात. त्या मोठ्या मॅट्रिक्समध्ये आपापल्या जागी मिळवत जायच्या आणि शेवटी आयगेनव्हॅल्यू, म्हणजे त्या मॅट्रिक्सचे स्वतःचे खास आकडे, काढायच्या. आयगेनव्हॅल्यूच्या वर्गमुळातून कटऑफ. भिंतीवरची अटही लिहावी लागत नाही. काही न करता सोडून दिलं की ती आपोआप पाळली जाते. त्रिकोणांवरची अशी सरळ उताराची फलनं कूरांटने १९४३ मध्ये मांडली आणि वेव्हगाइडसाठी सिल्व्हेस्टरने ती १९६९ मध्ये वापरली. म्हणजे मी जे करत होते ते माझ्यापेक्षा बरंच जुनं होतं.

मेश, म्हणजे त्रिकोणांची जाळी, घेतली नऊ-बाय-चारची. २.५४ मिलिमीटरचा एकेक चौरस, प्रत्येकाचा एकाच दिशेच्या कर्णाने दुभंग, एकूण ७२ त्रिकोण. उत्तर आलं ६.५९०. मेश दुप्पट बारीक केली: ६.५६५. पुन्हा दुप्पट: ६.५५९. चूक ३३ मेगाहर्ट्झ, मग ८, मग २. दर वेळी चौथाई, आणि दर वेळी खऱ्या उत्तराच्या वरच्याच बाजूला. हे दोन्ही पुस्तकात लिहिलेलं असतं, पण स्वतःच्या स्क्रीनवर चौथाई होताना बघण्यात जी मजा आहे ती निराळीच.

त्या यादीत सर्वात वर एक शून्य होतं. सगळीकडे क्षेत्र सारखंच असलं तर उतार कुठेच नाही, म्हणून शून्य. ते मी कोडमध्ये एक ओळ टाकून उडवून दिलं आणि विसरले.

खरी कटकट डायलेक्ट्रिक आल्यावर सुरू होते. नळ्याच्या काही भागात पट्टी बसवली की मोड सरमिसळ होतात. लांबीच्या दिशेचं विद्युत क्षेत्रही येतं, चुंबकीयही येतं, आणि एका संख्येवर भागत नाही. बाण हवेत, म्हणजे सदिश क्षेत्र. मला वाटलं, यात काय आहे? प्रत्येक नोडला, म्हणजे त्रिकोणांच्या टोकाला, एका संख्येऐवजी दोन संख्या ठेवू, आडवा घटक आणि उभा घटक. भिंतीला समांतर असलेला घटक शून्य करू. बाकी यंत्रणा तीच. समीकरण कर्ल-ऑफ-कर्लचं (कर्ल म्हणजे क्षेत्राची फिरकी, ती दोनदा घ्यायची). दोन दिवसांत लिहून झालं.

मोकळ्या, वेड्यावाकड्या मेशवर चालवलं तर नुसता चिखल. शून्याजवळून सुरू होऊन वरपर्यंत आकडेच आकडे, एकमेकांना चिकटलेले. त्यात कटऑफ कुठला, हे शोधायचं तरी कसं?

म्हणून मी चाचणीच बदलली. आयताऐवजी चौरस घेतला, बाजू पाय (π, म्हणजे ३.१४...) एवढी. पायच्या बाजूचा फायदा असा की उत्तरं पूर्णांकात येतात, दोन वर्गांची बेरीज: १, १, २, ४, ४, ५, ५, ८, ९, ९. चूक लपत नाही. आणि मेश घेतली नीटनेटकी, प्रत्येक छोट्या चौरसात दोन्ही कर्ण काढलेली. आता यादी चकाचक आली. शून्यांचा ढीग एका बाजूला, बाकीचे आकडे दुसऱ्या बाजूला. एक, एक, दोन, चार, चार, पाच, पाच, सहा...

सहा?

मेश बारीक केली. सहाच्या आजूबाजूचा तो आकडा सहाच्या आणखी जवळ सरकला. आणखी बारीक केली, आणखी जवळ. अगदी शहाण्यासारखा, खऱ्या उत्तरांच्याच शिस्तीत. मी कागद घेऊन बसले. एक अधिक पाच? पाच वर्ग नाही. चार अधिक दोन? दोन वर्ग नाही. सहा ही संख्या दोन वर्गांची बेरीज होऊच शकत नाही. पुढे यादीत १५ हा आकडाही सापडला, त्याचीही तीच गत. चौरसाच्या जागी रिज वेव्हगाइड असता आणि खरं उत्तर माहीत नसतं, तर हा सहा मी प्रबंधात छापला असता आणि वर त्याचा कन्व्हर्जन्सचा, म्हणजे मेश बारीक करताना उत्तर एका आकड्यावर स्थिरावण्याचा, आलेखही जोडला असता. या विचाराने मला त्या रात्री झोप आली नाही, हे कबूल करते. कन्व्हर्जन्स दिसला की उत्तर बरोबर, हा माझा भाबडा समज तिथेच संपला.

अशा खोट्या मोडना स्प्युरियस मोड म्हणतात, आणि वेव्हगाइडवाल्यांनी त्यांच्याशी बरीच वर्षं झुंज घेतली. जुना उपाय पेनल्टीचा: डायव्हर्जन्सचा (क्षेत्र किती बाहेर पसरतं त्या मापाचा) वर्ग एका गुणकाने गुणून समीकरणात मिळवायचा. गुणक वाढवला की खोटे आकडे वर पळतात, खरे जागच्या जागी राहतात, म्हणून कोण कोणता ते ओळखू येतं. मीही केलं. चौरसावर बरं चाललं. पण रिजचा कोपरा आत घुसलेला असतो, आणि तिथे क्षेत्र टोकाशी अनंताकडे जातं. नोडवरचे अखंड बाण ते टोक धरू शकत नाहीत आणि पेनल्टीमुळे उत्तर ठामपणे चुकीच्याच आकड्याला जाऊन बसतं. ही वाट मी चार दिवसांत सोडली.

सरांकडे गेले. पानभर तक्रारी सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "शून्यं किती आली, मोजलीस का?"

"शून्यं कशाला मोजायची, सर? ती काढूनच टाकते मी."

"मोज आधी. आणि किती यायला हवीत, ते माझ्याकडे यायच्या आधी कागदावर काढ."

किती यायला हवीत, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. उत्तराकडे जायला दोन दिवस लागले, पण आख्ख्या कामाची किल्ली तीच निघाली. भिंतीवर शून्य असलेलं कुठलंही विभवाचं (पोटेन्शियलचं) फलन घ्या, त्याचा ग्रेडियंट, म्हणजे उताराचा बाण, घ्या. ते सदिश क्षेत्र झालं, आणि त्याचा कर्ल शून्य. म्हणजे कर्ल-ऑफ-कर्लच्या समीकरणात त्याची आयगेनव्हॅल्यू शून्य. अशी फलनं अनंत, म्हणून खऱ्या समीकरणातही शून्यं अनंत. ती चूक नव्हे, समीकरणाचा स्वभाव आहे. आता मेशवर या. नोडवरचे अखंड बाण वापरले तर हे ग्रेडियंट त्यात नीट मावत नाहीत, कारण सरळ उताराच्या फलनाचा ग्रेडियंट प्रत्येक त्रिकोणात वेगळा आणि सीमेवर उडी मारणारा. मावत नाहीत म्हणून त्यांची शून्यं शून्यावर टिकत नाहीत. उठतात आणि खऱ्या आकड्यांच्या गर्दीत जाऊन बसतात. माझा चिखल म्हणजे जागेवरून उठलेली शून्यंच होती. नीटनेटक्या मेशवर शून्यं जागेवर बसली, तरी सहा आणि पंधरा घुसलेच. म्हणजे शून्यं दिसणं पुरेसं नाही, पण ती दिसली नाहीत तर पुढे बोलायलाच नको.

उपाय १९८० चा, फ्रेंच गणिती नेदेलेकचा. अज्ञात नोडवर ठेवायचाच नाही, त्रिकोणाच्या कडेवर ठेवायचा: कडेच्या दिशेने क्षेत्र किती. शेजारच्या दोन त्रिकोणांत कडेला समांतर घटक सारखा राहतो, काटकोनातला घटक हवा तर उडी मारतो. डायलेक्ट्रिकच्या सीमेवर निसर्गही हेच करतो, त्यामुळे पट्टी घातल्यावर वेगळं काही करावं लागत नाही. या फलनांचं बीज व्हिटनीच्या १९५७ च्या भूमितीच्या पुस्तकात आहे, आणि तिथे मायक्रोवेव्हचा संबंधच नाही. सूत्र एका ओळीचं: कडेच्या एका टोकाचं बॅरिसेंट्रिक फलन (त्या टोकाला एक, बाकी दोन टोकांना शून्य) गुणिले दुसऱ्याच्या फलनाचा ग्रेडियंट, मग टोकांची अदलाबदल करून तेच, आणि वजाबाकी. महत्त्वाचं म्हणजे नोडवरच्या सरळ उताराच्या फलनांचे ग्रेडियंट यात तंतोतंत मावतात. म्हणून भिंतीपासून सुटा असलेला प्रत्येक आतला नोड एकेक शून्य देणार. एकही जास्त नाही, एकही कमी नाही.

हिशेब कागदावर केला. नऊ-बाय-चारची तीच मेश. नोड ५०, त्यातले आतले २४. कडा १२१, त्यातल्या २६ भिंतीवरच्या, त्या शून्य. उरल्या ९५. म्हणजे ९५ आयगेनव्हॅल्यू, पैकी २४ शून्य, उरलेल्या ७१. त्रिकोण ७२ आणि ७१ म्हणजे त्याहून एक कमी, हेही जुळतं: कर्ल प्रत्येक त्रिकोणात एकच संख्या असते, आणि भिंतीला समांतर घटक शून्य असल्यामुळे सगळ्या कर्लची क्षेत्रफळासकट बेरीज शून्य व्हावीच लागते, म्हणून एक स्वातंत्र्य जातं.

कोड चालवला. पहिले २४ आकडे दहाच्या उणे तेराव्या-चौदाव्या घातातले, काही चक्क ऋण. त्यांचं वर्गमूळ काढायला गेले तर पायथन 'नॅन' (ही संख्याच नाही) म्हणून हात वर करायचा. पंचविसावा आकडा एकदम १.८८ च्या घरात (सेंटिमीटरच्या हिशेबात खरा १.८८९), म्हणजे टीई-१०. मध्ये काहीही नाही. शून्यं आणि पहिला मोड यांच्यामधली ती रिकामी जागा इतकी स्वच्छ होती की मी ती यादी छापून टेबलासमोर चिकटवली.

आणि मग मोकळ्या मेशवर तोच कोड चालवला, तर कचरा.

हा भाग सांगायला अजून लाज वाटते, म्हणून सविस्तर सांगते. नीट मेशवर उत्तर बरोबर, बारीक केली तरी बरोबर, उंची-रुंदी बदलली तरी बरोबर. मोकळी मेश दिली की टीई-१० चा पत्ताच नाही. साहजिकच मी मेश वाचणाऱ्या कोडवर संशय घेतला. नोडचे क्रमांक शून्यापासून की एकापासून, त्रिकोण घड्याळाच्या दिशेने की उलटे, सगळं दोनदा तपासलं. शेवटी सरांचा प्रश्न आठवला. आतले नोड होते ११८. शून्यं मोजली: ११७.

एकच कमी. पहिला विचार असा की आकडेमोडीतल्या घसरणीने एक शून्य जरा मोठं झालं असेल. पण ११८ वा आकडा शून्याच्या जवळपासही नव्हता.

चूक चिन्हांची होती. कडेवरचा अज्ञात म्हणजे दिशा असलेली राशी. कड इकडून तिकडे की तिकडून इकडे, हे तिच्या दोन्ही बाजूंच्या त्रिकोणांनी एकमताने ठरवायला हवं. मी प्रत्येक त्रिकोणात आपला घड्याळाच्या उलट फेरा घेतला होता, पहिल्याकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, तिसऱ्याकडून पहिल्याकडे. शेजारचा त्रिकोणही घड्याळाच्या उलटच फिरतो, म्हणून सामाईक कडेवर तो बरोबर विरुद्ध दिशेने जातो. म्हणजे माझ्या कोडमध्ये प्रत्येक आतली कड स्वतःशीच भांडत होती.

मग नीट मेशवर उत्तर बरोबर कसं आलं? मेशचा प्रिंटआउट घेतला आणि पेन्सिलीने एक त्रिकोण काळा, शेजारचा पांढरा असं रंगवत गेले. नऊ-बाय-चारची मेश बुद्धिबळाच्या पटासारखी पूर्ण रंगली, कुठेही दोन काळे शेजारी नाहीत. तिथे सगळ्या पांढऱ्या त्रिकोणांची तिन्ही चिन्हं एकदम उलटी केली की भांडण मिटतं. आणि एका त्रिकोणाची तिन्ही चिन्हं एकदम उलटी केल्याने त्याच्या मॅट्रिक्समध्ये काडीचाही फरक पडत नाही. म्हणजे चूक होती, पण दोन उण्यांनी एकमेकांना गिळलं होतं. मोकळी मेश रंगवायला घेतली तर पाचव्या मिनिटाला अडकले: एका नोडभोवती पाच त्रिकोण. काळा, पांढरा, काळा, पांढरा, आणि पाचव्याला दोन्हीकडून शेजारी वेगवेगळे. जिथे विषम त्रिकोण भेटतात तिथे पट मोडतो, आणि पट मोडला की एक शून्य निसटतं. दुरुस्ती एका ओळीची होती: कडेची दिशा नेहमी लहान क्रमांकाच्या नोडकडून मोठ्याकडे, आणि त्रिकोणाचा फेरा उलटा पडला तर वजा चिन्ह. चालवलं. ११८ शून्यं, मग रिकामी जागा, मग टीई-१०.

तीन आठवडे गेले होते त्या एका वजा चिन्हात. तेव्हापासून नीटनेटक्या मेशवर चाललेल्या कोडवर माझा काडीचा विश्वास नाही, स्वतःच्याही नाही.

मोठ्या मेशवर सगळ्या आयगेनव्हॅल्यू काढणं परवडत नाही. तिथे विरळ मॅट्रिक्सचा सॉल्व्हर लागतो, आणि त्याला "सर्वात लहान दहा दे" म्हटलं तर तो इमानेइतबारे दहा शून्यं आणून देतो. त्याला शिफ्ट, म्हणजे ज्याच्या आसपास शोधायचं तो आकडा, द्यावा लागतो, अपेक्षित उत्तराच्या जवळचा. शून्याचा शिफ्ट दिला तर मॅट्रिक्सचं विघटनच होत नाही. बाकी यात सांगण्यासारखं फार नाही.

रिजकडे वळण्याआधी सरांनी एक चाचणी आणखी सांगितली: कोॲक्सियल लाइन. बाहेरच्या नळीचा आतला व्यास ७ मिलिमीटर, मधल्या दांडीचा ३.०४, हवेत ५० ओहमची. तिचा पहिला टीई मोड सुमारे १९ गिगाहर्ट्झला असतो. तो नीट सापडला. आता मी शहाणी झाले होते, म्हणून आधी शून्यं मोजली. आतले नोड २०४. शून्यं २०५.

मागच्या वेळी एक कमी होतं, या वेळी एक जास्त. पुन्हा चिन्हं. पुन्हा भिंतीच्या कडांची यादी. मधल्या दांडीच्या कडा शून्य करायच्या राहिल्या की काय, ते तपासलं; राहिल्या नव्हत्या. मेश बदलली: आतले नोड ३७१, शून्यं ३७२. एक जास्तच. दिवसभर शोधूनही चूक सापडेना, तेव्हा वाटलं की सूत्र कागदावर पुन्हा मांडावं. आणि मांडताना पहिल्याच ओळीवर हात थांबला: "भिंतीवर शून्य असलेलं विभवाचं फलन". कुठल्या भिंतीवर? इथे धातू दोन आहेत. विभव बाहेरच्या नळीवर शून्य आणि मधल्या दांडीवर एक असेल, तरी त्याचा ग्रेडियंट दोन्ही भिंतींना काटकोनातच येतो, अट पाळतो, आणि कर्लही शून्य. एक वाहक वाढला म्हणून एक शून्य वाढलं. कटऑफ शून्य असलेला मोड, म्हणजे डीसीपासून चालणारा टीईएम, ज्यात लांबीच्या दिशेचं क्षेत्रच नसतं. कोॲक्सचं सगळं जग ज्याच्यावर चालतं तो, आणि मी त्याला दिवसभर बग म्हणून हुसकत होते.

त्याचं चित्र काढायचं तर सरळ निघत नाही. सगळी शून्यं एकाच किमतीची, म्हणून सॉल्व्हर त्यांची वाटेल तशी खिचडी करून देतो. आतल्या प्रत्येक नोडच्या फलनाचा ग्रेडियंट घेऊन त्या २०४ दिशा शून्यांच्या अवकाशातून काढून टाकल्या. एकच सदिश उरला. बाण काढले. सगळे मधल्या दांडीपासून बाहेरच्या नळीकडे, सायकलच्या आऱ्यांसारखे, बाहेर जाताना आखूड होत गेलेले. दांडीला लागून असलेल्या त्रिकोणातला बाण मोजला, नळीला लागून असलेल्यातला मोजला, भागाकार केला: २.१. त्रिज्यांचं गुणोत्तर २.३. त्रिकोणांचे मध्य भिंतीपासून थोडे आत असतात. त्या मध्यांच्या खऱ्या त्रिज्या घेऊन गुणोत्तर काढलं, तर तेही २.१.

सरांना सांगायला गेले. "सर, कोॲक्समध्ये एक शून्य जास्त येतंय."

त्यांनी वर बघितलं. "मग?"

"यायलाच हवं."

"बरं," ते म्हणाले, "आता रिज घे. आणि पट्टी घातलीस की शून्यं किती होतील, ते आधी कागदावर काढून आण."